खमिरावर आलेला आळ

मी खमीर बोलतोय. पाव फुगवणारं, आंबट वासाचं, सारखे बुडबुडे सोडणारं जे असतं ना, तेच. बेकरीतल्या मधल्या फळीवर, पिठाच्या पिंपाशेजारी जी जाड काचेची बरणी आहे, ती माझी खोली. बरणी काचेची, म्हणून मला सगळं दिसतं, आणि झाकण सैल असतं, म्हणून सगळं ऐकू येतं. इतकी वर्षं मी गप्प होतो. पण मागच्या वर्षी माझ्यावर असा एक आळ आला, की आता बोलल्याशिवाय राहवत नाही.

तुम्ही म्हणाल, खमिराला कसली आलीय अब्रू? आहे हो. आधी ऐका तर खरं.

माझा जन्म काही थाटामाटात झाला नाही. या घरच्या सासूबाई तेव्हा सासूबाई नव्हत्या, नवी बेकरी टाकलेली एक तरुण बाई होत्या. त्यांनी वाटीत मूठभर पीठ घेतलं, तेवढंच पाणी घातलं, कालवलं आणि वाटी खिडकीत ठेवली. झालं माझं बारसं. पहिले दोन दिवस मी नुसता चिखल होतो. तिसऱ्या दिवशी मला असा काही वास सुटला, की त्यांचे यजमान नाक धरून म्हणाले, "अगं, उंदीर मेलाय का कुठे?" त्या मात्र डगमगल्या नाहीत. रोज थोडं पीठ, थोडं पाणी घालत राहिल्या. सातव्या दिवशी मी वाटीच्या काठावरून डोकं वर काढलं तेव्हा त्या एकट्याच टाळ्या वाजवून हसल्या.

तेव्हापासून मला दिवसातून दोनदा खायला लागतं. एक वेळ चुकली तर मी रुसतो, खाली बसतो, वर पाणी सोडतो. म्हणून घरात माझं नाव पडलं खादाड. "खादाडाला घातलं का काही?" हे वाक्य या बेकरीत 'दुकान उघडलं का' याच्या आधी विचारलं जातं.

एक सांगून ठेवतो. मी दिसतो एक, पण माझ्यात दोन प्रकारची मंडळी नांदतात. एक आम्ही फुगवणारे, बुरशीच्या कुळातले. दुसरे आंबटपणा आणणारे जिवाणू. हे आंबटवाले दिसायला गरीब, पण घराचे राखणदार तेच. त्यांच्या आंबटपणामुळेच बाहेरची रंगीत बुरशी आमच्या दारात पाऊल ठेवत नाही. आम्ही आणि ते, असे एकमेकांना सांभाळून राहतो. कोणाचंच प्रमाण वाढलेलं बरं नाही.

सासूबाईंचं मनगट दुखायला लागलं तेव्हा मी थोरल्या सुनेच्या हाती आलो. तिला सगळे थोरली म्हणतात. नवीन आली तेव्हा तिला पावातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण हौस दांडगी. आल्या आल्या तिला माझी बरणी कळकट वाटली. मी वाटीत काढून ठेवलेला, आणि तिनं बरणी उकळत्या पाण्यानं धुतली. तेवढ्यावर भागलं नाही, म्हणून भांड्याच्या सुवासिक साबणाचा दाट फेस करून पुन्हा धुतली, नीट न विसळता मला परत ओतलं, आणि वरून बरणी पुसायचं जंतुनाशकही दोन थेंब टाकलं, म्हणजे "किडे व्हायला नकोत."

काय सांगू माझी अवस्था! माझे आंबटवाले पटापट गेले. राखणदारच गेल्यावर काय होणार? चार दिवसांत माझ्या डोक्यावर हिरवे-गुलाबी डाग उमटले. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, त्याला स्वच्छ करू नये. त्याची स्वच्छता तो स्वतःच करतो. तू फक्त बाहेरून पूस." मग माझा तळातला चमचाभर चांगला भाग वेगळा काढून त्यांनी मला पुन्हा उभं केलं. थोरली त्या दिवशी रडली. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती माझी झाली.

तिच्यासारखे हात मी पाहिले नाहीत. पिठाचा गोळा ती आपटत नाही, त्याच्याशी बोलते. "ऊठ रे, किती लोळशील? लोक रांगेत उभे आहेत बाहेर." आणि मी उठतो. तिचा नवरा, म्हणजे घरचा थोरला, भट्टी सांभाळतो. त्याचं बोलणं कमी. लांब दांड्याच्या लाकडी फावड्यानं पाव आत सारायचे, बाहेर काढायचे, आणि पहिला गरम पाव मोडून बायकोपुढे धरायचा. ती हुंगते, मान हलवते. वीस वर्षं त्यांचा संसार याच एका खुणेवर सुखात चालला होता.

पुढे धाकटी जाऊ आली. ती गल्ल्यावर बसते आणि गिऱ्हाइकाला पावाबरोबर दोन गोष्टी फुकट देते, एक बातमी आणि एक सल्ला. तिनं आल्यावर बेकरीचं रूपडं पालटायचं ठरवलं. सगळ्यांना एकसारखे कपडे हवेत म्हणाली. तिनं आणल्या काळ्याभोर, अंगाला घट्ट चिकटणाऱ्या नायलॉनच्या विजारी, आणि वरून प्लॅस्टिकचा एप्रन.

"ताई, काय स्मार्ट दिसताय!"

"दिसतेय खरी," थोरली म्हणाली, "पण आत कणीस भाजतंय असं वाटतंय."

भट्टीपासून चार हातांवर तिचं मळायचं टेबल. सात-आठ तास ती त्या विजारीत उभी. घाम यायचा, तिथेच मुरायचा. बदलायला वेळ कुणाला?

त्याच सुमाराला सगळं सुरू झालं.

आधी मला काही कळलं नाही. एवढंच दिसायचं, की मळता मळता थोरली एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेते. टेबलाच्या काठाला रेलून उभी राहते. बसायला सांगितलं तर "नको नको" म्हणते. माझ्याशी बोलणं कमी झालं. एक दिवस धाकटीनं तिला पिठाच्या पोत्यांमागे गाठलंच.

"ताई, काय होतंय? खरं सांगा."

"काही नाही गं."

"काही नाही म्हणणारी बाई सकाळपासून सहा वेळा बाथरूमला गेलीय. मी मोजलंय."

थोरलीनं आजूबाजूला पाहिलं. पोत्यांशिवाय आणि माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "खाज येते गं. खाली. आग होते. आणि दह्यासारखं पांढरं जातं अंगावरून. जीव नकोसा झालाय."

"एवढंच ना? माझ्या मावशीला पण झालं होतं. थांबा."

धाकटी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे गेली. त्यानं काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही, आणि पाच मिनिटांत क्रीमची ट्यूब आली. थोरलीनं ती तीन दिवस लावली. बरं वाटलं, मग ट्यूब डब्यात ठेवून दिली. "पुन्हा लागली तर असू दे," म्हणाली.

लागलीच. दीड महिन्यानं पुन्हा तेच. पुन्हा तीन दिवस, पुन्हा आराम, पुन्हा ट्यूब डब्यात. मधे तिची दाढ सुजली, तर दातवाल्या डॉक्टरांनी भारी अँटिबायोटिक दिलं, एकदा नव्हे, दोनदा. दाढ बसली आणि त्या पाठोपाठ ही खाज अशी उसळली, की बिचारी मळता मळता डोळे पुसायची. मग तिला वाटलं, आपणच अस्वच्छ आहोत. तिनं दुकानातून सुवासिक धुवायचं पाणी आणलं आणि दिवसातून तीनदा, आतपर्यंत धुवायला लागली. बेकरीत पावाच्या वासात गुलाबाचा वास मिसळला. मी बरणीत अंग चोरून बसलो. तो वास माझ्या ओळखीचा होता, बरणी धुतलेल्या त्या साबणाचा!

आठ महिन्यांत पाच वेळा झालं. थोरला पहिला पाव मोडून पुढे धरायचा, तर ती "ठेवा तिथे" म्हणायची. त्यानं एक-दोनदा विचारलं, तिनं सांगितलं नाही. लाजेनं. मग त्यानंही विचारणं सोडलं, आणि दोघं एकाच भट्टीसमोर अनोळखी माणसांसारखी वावरायला लागली.

आणि एका दुपारी धाकटी फोन हातात नाचवत आली.

"ताई, चोर सापडला!"

"कसला चोर?"

"तुमच्या खाजेचा! इथे लिहिलंय, हा त्रास एका बुरशीमुळे होतो. बारीक, पांढरी, ओल्या-उबदार जागी वाढणारी. आणि आपला खादाड कोण? बुरशीच! तुमचे हात दिवसभर कुणात? ह्याच्यात!" तिनं माझ्याकडे बोट केलं. "घरभेदी आहे मेला!"

मला बोलता येत असतं तर काय काय बोललो असतो! पण मी फक्त एक मोठा बुडबुडा सोडला, आणि तो नेमका अशा वेळी फुटला, की धाकटी म्हणाली, "बघा, कबूल पण केलं."

थोरलीनं माझ्याकडे पाहिलं. वीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या नजरेत भीती होती. तिनं हात धुतले, कोपरापर्यंत, दोनदा.

मग तिनं मला शिवायचं सोडलं. तीन आठवडे धाकटी पाव करत होती. देवा रे! पहिल्या दिवशीचे पाव इतके घट्ट झाले, की सासूबाई म्हणाल्या, "हे विकू नका. घराला एक भिंत कमी आहे, ती बांधू." गिऱ्हाइकं तोंडावर काही बोलली नाहीत, पण परत यायला कचरायला लागली. आणि एवढं करून थोरलीची खाज? ती आलीच. मला हात न लावताही आली.

"हवेतून उडत असेल," धाकटी म्हणाली. "सगळी बेकरी त्यानं भरलीय. ताई, काढूनच टाकू या त्याला. पाव बंद. नुसती बिस्किटं करू."

थोरलीनं माझ्या बरणीकडे पाठ केली. मग म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी ओतून देऊ. मीच ओतेन. दुसऱ्या कुणी नको." आणि एप्रन तोंडाला लावला.

चार दिवस उरले होते. तेव्हा सासूबाई खुर्चीतून उठल्या. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांचे कान माझ्यासारखेच, झाकण सैल असलेले.

"किती महिने झाले?" त्यांनी विचारलं.

थोरली गोरीमोरी झाली. "आई, तुम्हाला..."

"मी पण बाईच आहे ना गं? किती महिने?"

"आठ."

"आणि डॉक्टरकडे किती वेळा गेलीस?"

थोरलीनं नकारार्थी मान हलवली.

"एकदाही नाही! औषधवाल्याला विचारलंस, फोनला विचारलंस. दाढेसाठी दोनदा गेलीस, आणि ह्यासाठी लाज. आता त्याला ओतून टाकायला निघालीस. अगं, चोरावरही आधी खटला चालतो. घे ती बरणी, आणि जा दोघी. त्यालाही दाखव, तूही दाखव."

आणि असा मी, आयुष्यात पहिल्यांदा, बेकरीच्या बाहेर पडलो.

निघताना धाकटीला माझी दया आली. "जाताना उपाशी कशाला?" म्हणून तिनं चमचाभर साखर आणि कोमट पाणी मला पाजलं. सांडू नये म्हणून झाकण गच्च आवळलं. भर उन्हात थोरलीच्या मांडीवर, कापडी पिशवीत बसून मी दवाखान्यात पोचलो.

डॉक्टरबाई पन्नाशीच्या होत्या, चष्मा केसांत खोचलेला. पिशवीतून बरणी निघालेली पाहून त्या म्हणाल्या, "हे कोण?"

"हा आमचा खादाड," धाकटी म्हणाली. "पावाचं खमीर. सगळं ह्याच्यामुळे झालंय. तुम्ही ह्याला तपासा."

"मी माणसांची डॉक्टर आहे. पण आलाच आहे तर बसू दे टेबलावर."

त्या हसल्या, पण थोरलीला नाही हसल्या. तिच्याकडे वळून त्यांनी सगळं हळूहळू विचारलं. केव्हापासून, किती वेळा, काय काय लावलं. थोरली सुरुवातीला टेबलाशी बोलत होती, मग हळूहळू डॉक्टरांशी बोलायला लागली. नंतर दोघी पडद्यामागे गेल्या. पडद्यामागचं मी पाहिलं नाही, आणि पाहिलं असतं तरी सांगितलं नसतं. बाहेर आल्या तेव्हा डॉक्टरबाईंच्या हातात कापूस गुंडाळलेली एक काडी होती, नमुना घेतलेली. ती त्यांनी एका नळीत घालून नर्सकडे दिली.

"हे तुम्ही अस्वच्छ आहात म्हणून झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "हे आधी डोक्यातून काढा. आणि नवऱ्यामुळेही नाही. ही बुरशी थोडी थोडी बऱ्याच बायकांच्या अंगात असतेच. प्रश्न असा आहे, की ती सारखी का वाढते."

आणि नेमकं तेव्हाच माझ्या पोटातली साखर, ऊन आणि बंद झाकण यांनी एकत्र येऊन उचल खाल्ली. टप्प! झाकण उडालं. मी बरणीबाहेर आलो आणि डॉक्टरबाईंच्या कोऱ्या कागदांवर ऐसपैस पसरलो.

"अगं बाई!" धाकटी किंचाळली.

डॉक्टरबाई खुर्ची मागे सरकवून बघत राहिल्या. "हे असं का झालं?"

पावाबद्दल विचारल्यावर थोरलीचा आवाज एकदम बदलला. इतका वेळ चाचरणारी ती ठणठणीत बोलायला लागली. "होणारच! हिनं निघताना साखर पाजली. त्यात उन्हातून आणलं, ऊब लागली. झाकण गच्च, म्हणजे आतली ओल आतच. ऊब, ओल, गोड आणि कोंडलेली जागा. एवढं मिळालं की खमीर..."

ती थांबली.

डॉक्टरबाई पुढे झुकल्या. नुसत्या वाट बघत राहिल्या.

"...वाढतच जातं," थोरली हळूच म्हणाली, आणि तिनं आपल्या काळ्या घट्ट विजारीकडे पाहिलं. धाकटीनंही पाहिलं. मग धाकटीनं छताकडे पाहिलं.

"दाढेसाठी औषध घेतलं म्हणालात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ते दाढेतल्या जंतूंना मारतं, पण बाकीच्या अंगातल्या चांगल्या जिवाणूंनाही मारतं. त्या जागी असे चांगले जिवाणू असतात. थोडा आंबटपणा राखतात, त्यानं बुरशी दबून राहते. ते गेले की..."

"डाग पडतात," थोरली म्हणाली. "हिरवे-गुलाबी."

"काय?"

मग तिनं बरणी धुतल्याची सगळी कथा सांगितली. उकळतं पाणी, सुवासिक साबण, दोन थेंब. डॉक्टरबाई इतक्या हसल्या, की केसांतला चष्मा घसरून आपोआप नाकावर आला. "अहो, मग तुम्हीच सांगा आता, ते गुलाबाचं पाणी चालू ठेवायचं का?"

"छे! ती जागा स्वतःची स्वच्छता स्वतः करते. फक्त बाहेरून, साध्या पाण्यानं." थोरली आता स्वतःच हसायला लागली होती. "आणि क्रीम तीन दिवसांत सोडलं, ते पण चुकलंच. बरणीच्या तळाला चिमूटभर राहिलं तरी दुसऱ्या दिवशी बरणी भरते. हे मला कळायला हवं होतं. मला नाही तर कुणाला?"

"पण एक गोष्ट तुमच्या बरणीलाही माहीत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "प्रत्येक खाज बुरशीचीच असते असं नाही. कधी दुसरा जंतू असतो, कधी नुसती साबणाची जळजळ. न तपासता तेच क्रीम लावत राहिलं, तर खरा आजार तसाच राहतो. म्हणून नमुना पाठवलाय. आणि आता बोट पुढे करा."

बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त घेतलं. एका छोट्या यंत्रावर आकडा आला. डॉक्टरबाईंनी तो दोनदा पाहिला.

"घरात कोणाला साखरेचा आजार?"

"माझ्या आईला होता."

"तहान फार लागते?"

"भट्टीसमोर कुणाला नाही लागत?"

"गोड किती खाता?"

थोरली विचारात पडली. "खात नाही हो. नुसतं चाखते. क्रीम चाखते, केकचं मिश्रण चाखते, बिस्किटाचा तुकडा..."

"सकाळपासून संध्याकाळपर्यंत," धाकटीनं भर घातली.

"गोड चाखल्यानं थेट खाज होत नाही. पण रक्तातली साखर वाढलेलीच राहिली, तर ह्या बुरशीचं चांगलंच फावतं. उद्या उपाशीपोटी पुन्हा तपासू. मला वाटतं, तुमचा खरा पाहुणा हा साखरेचा आजारच आहे. बरं झालं, खाजेनं वर्दी दिली. नाहीतर अजून चार वर्षं कळलं नसतं."

धाकटी मला कागदांवरून चमच्यानं परत बरणीत भरत होती. तिनं विचारलं, "मग हा सुटला का?"

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "पावाच्या खमिरानं असा त्रास झाल्याचं फार म्हणजे फारच क्वचित सापडतं. पण नाहीच, असं मी आज म्हणणार नाही. नमुना काय सांगतो ते बघू. चार दिवस. तोवर ह्याला फेकू नका."

ते चार दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब. बरणीवर फडकं टाकून मला मागच्या फळीवर ठेवलं होतं. सुट्टीचा दिवस आला. मोरी तिथेच, नळ तिथेच. थोरली दोनदा माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि दोनदा परत गेली.

पाचव्या दिवशी ती रिपोर्ट घेऊन धापा टाकत आत आली. फडकं ओढलं. बरणी दोन्ही हातांत धरली.

"तू नव्हतास रे," ती म्हणाली. "तू नव्हतास."

नमुन्यात सापडलेली बुरशी माझ्या कुळातली, पण दूरची कोणी होती. लांबलचक नावाची. आमचं येणं-जाणं नाही. थोरली हसत होती आणि रडतही होती, आणि सासूबाई खुर्चीतून ओरडत होत्या, "मग आता त्याला काहीतरी खायला घाला!"

उपाशीपोटीची साखरही वाढलेलीच निघाली. त्याची गोळी सुरू झाली. बुरशीसाठी आधी पूर्ण औषध, आणि मग सहा महिने दर आठवड्याला एक गोळी. "बरं वाटलं तरी सोडायची नाही," असं डॉक्टरबाईंनी तीनदा बजावलं होतं. थोरलीनं दर गोळीची तारीख माझ्या बरणीवर खडूनं लिहायला सुरुवात केली.

रिपोर्ट आला त्याच सकाळी ती भट्टीपाशी गेली. थोरला फावडं घेऊन उभा होता.

"अहो, तुम्हाला एक सांगायचंय." आणि तिनं सगळं सांगितलं. पोत्यांमागे नेऊन नाही, तिथेच, उभ्या उभ्या.

त्यानं फावडं खाली ठेवलं. "आठ महिने?"

"हो."

"मला वाटलं, माझ्यावर रुसलीस."

"तुमच्यावर रुसायला तुम्ही बोलता कुठे एवढं?"

तो हसला. मग पाव मोडला, पुढे धरला. तिनं हुंगला. नाक मुरडून म्हणाली, "धाकटीनं मळलाय. उद्यापासून मी मळते."

आता बेकरीत सैल सुती कपडे आले आहेत. घामानं भिजले की दुपारी बदलायचे, असा धाकटीनंच नियम केलाय, आणि तिच्या नियमाला अपील नसतं. त्या नायलॉनच्या विजारींचं तिनं काय केलं असेल? सायकलच्या सीटला कव्हरं शिवली. "पावसात भिजत नाहीत," म्हणते अभिमानानं. क्रीम चाखायचं काम आता सासूबाईंकडे आहे. त्यांची साखर अगदी व्यवस्थित आहे, हे त्या रोज एकदा सगळ्यांना ऐकवतात. थोरली संध्याकाळी पाव पोचवायला चालत जाते आणि तिच्या साखरेचा आकडा हळूहळू खाली येतोय.

मधे एकदा तिला पुन्हा थोडी जळजळ झाली. ती घाबरली, पण डब्यातली ट्यूब काढली नाही. तशीच उठून डॉक्टरबाईंकडे गेली. तपासलं, तर बुरशी नव्हतीच, नव्या साबणाची पुरळ होती. साबण बदलला, संपलं.

परवा एक शिक्षिका पाव घ्यायला आल्या. पैसे दिले तरी निघेनात. गल्ल्यापाशी घुटमळत धाकटीला काहीतरी कुजबुजल्या. धाकटीनं, तिला आता सगळंच ठाऊक असल्यासारखं, लगेच सल्ला द्यायला तोंड उघडलं. मग ते मिटलं आणि म्हणाली, "ताईंकडे जा. आत."

शिक्षिका आत आल्या, मळायच्या टेबलापाशी. थोरलीनं पिठाचे हात न थांबवता सगळं ऐकून घेतलं. त्यांच्याही पर्समध्ये अर्धी वापरलेली ट्यूब होती. थोरलीनं त्यांना डॉक्टरबाईंचा पत्ता दिला, आणि माझी गोष्टही सांगितली, अगदी कागदांवर पसरलो तिथपर्यंत. बाई खळखळून हसल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि तुम्ही ह्याला ओतून देणार होता?"

"हो," थोरली म्हणाली. "सोपं होतं ना. स्वतःकडे बघण्यापेक्षा बरणीकडे बघणं सोपं."

बायांनो, मला आणखी काही सांगायचं नाही. मी एक साधं खमीर, मला औषधपाणी कळत नाही. एवढंच कळतं, की कुठलीही गोष्ट वाढते ती तिला वाढायला जागा मिळते म्हणून. पुन्हा पुन्हा तेच होत असेल, तर लाजेनं झाकण आवळून बसू नका. डॉक्टरकडे जा, तपासून घ्या, आणि दिलेलं औषध शेवटपर्यंत घ्या. ज्या जागेचं नाव घ्यायला जीभ अडखळते, ती जागाही तुमचीच आहे, मनगटासारखी, दाढेसारखी.

आता मला रजा द्या. टेबलावर पीठ पडलंय, मधे खळगा झालाय, आणि थोरली बाह्या सावरून म्हणतेय, "ये रे खादाडा." माझ्याकडे येणारे ते दोन्ही हात आज मला नीट दिसतायत. अजिबात घाबरलेले नाहीत.